मृगाआधी सक्युलंटच्या कुंड्या

पुण्यात पाऊस साधारण १० जूनच्या सुमारास पोचतो, म्हणून सक्युलंटच्या, म्हणजे पानांत किंवा खोडात पाणी साठवणाऱ्या झाडांच्या, पाण्याची तयारी मी मे संपायच्या आत उरकते. ही झाडं आपल्याकडे उन्हाने जातात त्याहून जास्त ओलीने जातात. एका पावसाळ्यात माझ्या चार इचेव्हेरिया (जाड पानांचा गुलाबासारखा गुच्छ असलेली सक्युलंट) बुडाशी काळ्या पडून गेल्या, आणि चूक पावसात नव्हती, कुंडीत होती.

तेव्हा आधी प्रत्येक कुंडी उचलून तिचं बूड बघा. भोक आहे का, मुळांनी किंवा मातीने बुजलंय का? बुजलं असेल तर सळईने मोकळं करा. चिनी मातीच्या देखण्या वाडग्याला भोक नसतं. तो वापरायचाच असेल तर झाड छोट्या प्लास्टिकच्या कुंडीत लावून आत ठेवा आणि पाणी देताना बाहेर काढा. तळाला खडे भरले की काम भागतं असं बरेच जण सांगतात. पण पाणी निघायला वाट नसेल तर ते खड्यांत साचतं आणि वरची माती ओलीच राहते.

मग मातीकडे वळा. नर्सरीतून झाड बहुतेक वेळा चिकट लाल मातीत किंवा नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, येतं. लाल मातीचा गोळा आतून दिवसेंदिवस ओला राहतो. कोकोपीट एकदा कडकडीत सुकलं की पाणी पितच नाही, ते कडेने निसटून ताटलीत येतं आणि आपल्याला वाटतं झाड भिजलं. मी निम्मं भरड घेते, म्हणजे सिंडर (जळलेल्या कोळशाचे खडे), विटांचे बारीक तुकडे किंवा जाड वाळू, धूळ चाळून काढलेली; उरलेल्या निम्म्यात माती आणि थोडं कंपोस्ट. कुंडी बदलल्यावर पाच ते सात दिवस पाणी देऊ नका, तुटलेल्या मुळांच्या जखमा सुकू द्या. पाणी देण्याची घाई इथेच सर्वांत महागात पडते.

हाताशी बांबूची एक बारीक काडी ठेवा, पानांना न लागता कडेने तळापर्यंत खुपसायला. काडीला ओली माती चिकटली तर झारी खाली ठेवा. कोरड्या आणि भिजलेल्या कुंडीचं वजन हातात घेऊन ओळखायला शिका. महिनाभरात काडीही लागत नाही. ‘आठवड्यातून एकदा’ हा नियम सोडून द्या. मे महिन्यातल्या मातीच्या कुंडीला तो अपुरा पडेल आणि जुलैतल्या प्लास्टिकच्या कुंडीला घातक ठरेल. ही झाडं पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, दिवसा मिटून रात्री उघडतात, त्यामुळे त्यांचं पाणी फार कमी उडतं आणि ती वाट बघू शकतात.

द्यायचं तेव्हा मात्र भरपूर द्या, सकाळी, बारीक नळीच्या झारीने कुंडीच्या कडेने, खालून वाहेपर्यंत. चमचाभर पाण्याने वरची माती फक्त ओलसर होते, खालची मुळं तहानलेलीच राहतात. इचेव्हेरियाच्या मधोमध पाणी साचलं तर फुंकर मारून काढा, बोटाने पुसू नका, पानावरची पांढरी भुकटी निघते ती परत येत नाही. वीस मिनिटांनी ताटली रिकामी करा.

खालची पानं सुरकुतली आणि माती कोरडी असेल तर तहान आहे. पानं पिवळट, पाणेरी, हात लावताच गळणारी झाली तर पाणी जास्त झालंय. माती ओली असूनही पान सुरकुतलेलं दिसलं तर मुळं कुजली असण्याची शक्यता आहे. तिथे आणखी पाणी ओतू नका, झाड उपटून बघा.

इचेव्हेरिया मूळ मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली, आपली दमट उष्ण हवा तिला सोसत नाही. तिला गॅलरीच्या आतल्या कडेला, उजेडात आणि वाऱ्यावर हलवा. हॅवर्थिया आणि जेडही आतच बरी. पानफुटी मात्र आपला पाऊस निभावते. अडेनियम पावसाळ्यात वाढतं, पण थंडीत पानं झडली की त्याचं पाणी अगदी कमी करा.

शेवटी एक झाकणाची बादली. बोअरच्या पाण्याने मातीवर क्षारांचा पांढरा थर येतो, म्हणून मी पावसाचं पाणी ऑक्टोबरच्या उन्हासाठी साठवते. झाकण घट्ट हवं, डेंग्यूचे डास अशा स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतात.