जहाज धक्क्याला लागणार की टेंडर बोटीने उतरायचं? बेटांच्या क्रूझवर या चुका टाळा

क्रूझ बुक करताना लोक केबिनला बाल्कनी आहे का, जैन जेवण मिळतं का, वायफाय कितीला पडतं हे सगळं दहा वेळा विचारतात. पण जहाज त्या बेटावर धक्क्याला लागणार की समुद्रात थांबून छोट्या बोटीने उतरवणार, हे कुणीच विचारत नाही. मी मुंबईहून ग्रुप घेऊन जाते आणि बेट समोर दिसायला लागलं की डेकवर तोच प्रश्न ऐकते, "मॅडम, जहाज तर लांबच थांबलं, आता उतरायचं कसं?" बोटीने उतरायचं असेल तर वेळ, चपला, सामान, आईबाबांचे गुडघे सगळ्याचाच विचार वेगळा करावा लागतो, आणि तो घरून निघायच्या आधी करावा लागतो, डेकवर उभं राहून नाही.

थोडक्यात सांगते. जहाज धक्क्याला लागलं की शिडीवरून चालत उतरायचं, वाटेल तेव्हा परत चढायचं, विसरलेली टोपी आणायला पुन्हा केबिनमध्येही जाता येतं. मुंबईत बॅलार्ड पिअरला आपण चढतो ते असंच. टेंडरच्या ठिकाणी जहाज बाहेर थांबतं आणि शंभर-दीडशे माणसांच्या बोटी फेऱ्या मारतात. कधी त्या जहाजाच्याच लाइफबोटी असतात, कधी तिथल्या स्थानिक बोटी. मुंबई-गोवा-कोची-लक्षद्वीप अशी क्रूझ घेतलीत तर गोव्यात मुरगावला धक्का, कोचीत धक्का, आणि लक्षद्वीपला बोट. तिथे दुसरा इलाजच नाही, कारण प्रवाळाच्या कड्याच्या आतलं शांत पाणी, म्हणजे लगून, उथळ, मोठं जहाज आत येऊच शकत नाही. ग्रीसच्या सँटोरिनीत कारण बरोबर उलटं, ज्वालामुखीच्या मुखात पाणी इतकं खोल की नांगर तळाला नीट धरतच नाही, म्हणून तिथेही बोटच. कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटावर जॉर्जटाऊनला क्रूझसाठी धक्का नाही, आणि बांधायचा का यावर एप्रिल 2025 मध्ये सार्वमत झालं तेव्हा लोकांनी नको म्हटलं, म्हणजे तिथे पुढेही बोटच.

वेळापत्रकात बंदराच्या नावापुढे नांगराचं चिन्ह किंवा "टेंडर" असं बारीक अक्षरात असतं. ते बघा. नसेल तर एजंटला विचारा आणि उत्तर लेखी घ्या, तोंडी "हो हो, सगळीकडे उतरता येतं" यावर जाऊ नका.

जहाज आठला पोचतं म्हणून साडेआठची टॅक्सी

ही चूक घाई करणारे लोक करतातच. जहाज आठला पोचतं म्हणजे आठला थांबतं. मग स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी, मग बोटी पाण्यात सोडणं, मग पहिला मान जहाजाकडून टूर घेतलेल्यांचा आणि महागड्या स्वीट-केबिनवाल्यांचा. बाकीच्यांनी लाउंजमध्ये जाऊन नंबरचं तिकीट घ्यायचं आणि नंबर पुकारेपर्यंत थांबायचं. दोन हजार माणसं उतरायला दीड-दोन तास सहज जातात. बाहेरची टूर घेतलीच असेल तर पोचायच्या वेळेनंतर दोन तास सोडूनच वेळ ठरवा. आणि दुसऱ्याच्या नंबरवर घुसणं, लिफ्टमधून थेट खालच्या डेकवर जाऊन उभं राहणं असले शॉर्टकट करू नका, तिथे नंबर तपासतात, परत वर पाठवतात, आणि मागे ताटकळणाऱ्या आजीआजोबांचा वेळ जातो तो वेगळाच. मला याचा मनापासून राग येतो. माझी सवय अशी की ग्रुपला पोटभर नाश्ता करायला लावते आणि पहिली गर्दी ओसरली की नंबर घेते, त्यात फार तर तासभर जातो पण सगळे शांत डोक्याने उतरतात.

बोटीत पाऊल टाकताना

आता ज्यावर मी ग्रुपला सगळ्यात जास्त बोलते ते. जहाजाच्या पोटातल्या दारातून बोटीत जायचं असतं तेव्हा जहाज जवळजवळ स्थिर असतं आणि बोट लाटेबरोबर वरखाली होत असते. एका क्षणी ती तुमच्या पायाच्या पातळीला, दुसऱ्या क्षणी दोन-तीन फूट खाली. दोन्ही बाजूंना खलाशी उभे असतात, ते "थांबा" म्हणाले की थांबायचं आणि "चला" म्हणाले की एक पाऊल टाकायचं. उडी नाही, पाऊल.

लक्षद्वीपला हे जास्त जपायला लागतं, कारण जहाज प्रवाळाच्या बाहेर, उघड्या समुद्रात असतं आणि लगूनचं शांत पाणी नंतर येतं. तिथे आमच्या ग्रुपमधल्या पार्ल्याच्या एका काकांचं काय झालं ते ऐका. काका एकदम फिट, रोज जॉगिंग करणारे, रोज लोकलने जाणारे, त्यामुळे चालत्या बोटीत चढणं म्हणजे काय मोठं असं त्यांना वाटत होतं. एका हातात मोबाईल, व्हिडिओ चालू, दुसऱ्या हातात नातवाची पोहण्याची पिशवी. खलाशाने हात आडवा धरून थांबवलं, पण मागून कुणीतरी "चला चला" म्हटलं आणि काकांनी उडी मारली, नेमकी बोट खाली जात असताना. पाय काठावरून घसरला आणि जहाज आणि बोट यांच्यामधल्या फटीत गुडघ्यापर्यंत गेला. पुढच्या लाटेने बोट वर येऊन जहाजाला चिकटणार होती. खलाशाने दंडाला धरून त्यांना अक्षरशः फेकल्यासारखं आत ओढलं आणि लगेच बोट जहाजावर आदळली, तो आवाज मला आजही आठवतो. पाय वाचला. नडगी सोलली, खांदा दुखावला, मोबाईल समुद्रात गेला. काका, काकू आणि सूनबाई तिघांचा दिवस जहाजाच्या दवाखान्यात गेला, आणि नातू लगूनमध्ये पाय न भिजवता परत आला. त्या पोराचा चेहरा बघवत नव्हता.

म्हणून माझ्या ग्रुपमध्ये नियम कडक आहे. दोन्ही हात रिकामे. मोबाईल चेनच्या खिशात, सामान पाठीवरच्या सॅकमध्ये, सॅकचे दोन्ही पट्टे खांद्यावर. खलाशाला फक्त हात द्यायचा नाही, त्याचं मनगट तुम्ही धरायचं आणि तुमचं त्याने, बोटं घामाने सुटतात, मनगट सुटत नाही. मागे पट्टा असलेल्या सँडल घाला, फ्लिपफ्लॉप नको. ओढणी बांधून घ्या, साडी असेल तर पदर खोचा, खरं तर त्या दिवशी सलवार किंवा पँटच बरी. लहान मूल आपण कडेवर घेऊन पाऊल टाकायचं नाही, खलाशाकडे द्यायचं, आपण जायचं, मग घ्यायचं. आणि मागचा कितीही "चला" म्हणू दे, ऐकायचं ते फक्त खलाशाचं.

फोनचं घड्याळ

फुकेतला जाणाऱ्या बऱ्याच क्रूझ सिंगापूरहून निघतात आणि मुंबईचे लोक त्या भरपूर घेतात. मलेशियातल्या पेनांगला जहाज स्वेटेनहॅम पिअरला लागतं, उतरलं की चालत जुन्या जॉर्ज टाऊनमध्ये, तिथे काही त्रास नाही. फुकेतला मात्र अनेकदा पाटोंग किनाऱ्यासमोर थांबून बोटीने जायचं असतं. आणि थायलंड सिंगापूर-मलेशियापेक्षा एक तास मागे. जहाज बऱ्याचदा सिंगापूरचीच वेळ ठेवतं, पण तुम्ही किनाऱ्यावर गेलात की फोन आपोआप थायलंडची वेळ धरतो आणि तासभर मागे जातो.

ठाण्याचं एक तरुण जोडपं, नवीन लग्न झालेलं, पहिलीच क्रूझ. शेवटची बोट जहाजाच्या वेळेने साडेचारला होती, मी आदल्या रात्री सांगितलं, सकाळी परत सांगितलं. ते दोघं पाटोंगहून ओल्ड फुकेत टाऊनला गेले, म्हणजे डोंगर ओलांडून पंधराएक किलोमीटर, वाटेत ट्रॅफिक. फोनमध्ये तीन वाजले होते, म्हणजे जहाजावर चार. मी फोन लावतेय तर रोमिंग बंद, कॅफेचं वायफाय मिळालं की मेसेज दिसणार. ते किनाऱ्यावर आले तेव्हा त्यांच्या फोनप्रमाणे शेवटच्या बोटीला पंधरा मिनिटं बाकी होती आणि प्रत्यक्षात ती पाऊण तासापूर्वी सुटली होती. जहाज हललं होतं. जहाजावरच्या लोकांनी त्यांच्या केबिनच्या तिजोरीतून पासपोर्ट काढून शेवटच्या बोटीने पोर्ट एजंटकडे, म्हणजे जहाजाच्या तिथल्या माणसाकडे, पाठवले होते, म्हणून निदान स्वखर्चाने विमानाने सिंगापूर गाठता आलं. ती मुलगी मला फोनवर रडत होती, मला फार वाईट वाटलं. पण खाजगीत फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. जहाजाकडून घेतलेली टूर लेट झाली तर साधारणपणे थांबतात, हा तिचा खरा फायदा.

उपाय साधा आहे. काट्याचं मनगटी घड्याळ घाला आणि ते केबिनच्या टीव्हीवर दिसणाऱ्या जहाजाच्या वेळेला लावा. फोनमधली आपोआप वेळ बदलायची सेटिंग बंद करा. मी प्रत्येकाच्या जहाजाच्या ओळखपत्राच्या कार्डाच्या पाकिटावर शेवटच्या बोटीची वेळ पेनाने लिहून देते. आणि शेवटची बोट आपली नाहीच असं धरा, निदान तासभर आधीच्या बोटीने परत या, कारण संध्याकाळी किनाऱ्यावर उन्हात मोठी रांग लागते.

सँटोरिनीत तर दोन रांगा. वर फिरा गावातून खाली जुन्या बंदरावर यायला 1979 पासूनची केबल कार, नाहीतर जवळजवळ सहाशे पायऱ्या, खेचरांच्या शेणाने निसरड्या झालेल्या. तीन-चार जहाजं एकाच दिवशी असली तर केबल कारलाच तास-दीड तास जातो. तो धरून वर किती थांबायचं ते ठरवा, आणि गुडघे दुखत असतील तर पायऱ्यांचा मोह नको.

बाकीच्या चुका

जहाजाचं कार्ड केबिनमध्ये विसरणं. उलटीची गोळी बोटीत बसल्यावर घेणं, ती अर्धा-एक तास आधी घ्यायची असते, बीपी-शुगरवाल्यांनी डॉक्टरांना विचारून. औषधं, पाणी, छत्री जहाजावर ठेवून "नंतर आणू" म्हणणं. लक्षद्वीपला लाइफ जॅकेट फोटोसाठी काढणं.

धक्क्याला लागलो म्हणजे शहरात आलो असं समजणं हीसुद्धा चूकच. मुरगाव वास्कोला आहे, तिथून पणजी तीसेक किलोमीटर आणि बागा त्याहून पुढे, त्यामुळे पाच तासांच्या थांब्यात बागा, फोर्ट, मासळीची थाळी आणि शॉपिंग हे सगळं बसत नाही. एकच निवडा.

आणि बंदर रद्द झालं म्हणून रिसेप्शनवर भांडू नका. वारा आणि लाटा बघून कॅप्टन ठरवतो, आणि बोटीचं बंदर सगळ्यात आधी रद्द होतं. मे ते ऑक्टोबर पाटोंगच्या बाजूला नैऋत्येच्या लाटा असतात, जुलै-ऑगस्टमध्ये ग्रीसजवळच्या एजियन समुद्रात मेल्टेमी नावाचा जोराचा वारा सुटतो. तारखा निवडतानाच हे बघायचं. अशा वेळी जहाजाकडून घेतलेल्या टूरचे पैसे परत मिळतात, बाहेरच्या टूरचे मिळतील का ते बुक करताना विचारून घ्या, रद्द झाल्यावर नाही.

आईबाबांना घेऊन जाणाऱ्यांना मी बुकिंगच्या वेळीच विचारते, त्यांना आधाराला हात धरून एक मोठं पाऊल खाली टाकता येतं का. व्हीलचेअर असेल तर बऱ्याच जहाजांवर बोटीत घेतच नाहीत, आणि घेतात तिथेही समुद्र शांत असेल तरच. पाऊल टाकता येत नसेल तर पेनांगसारखी धक्क्याची बंदरं जास्त असलेली क्रूझ घ्या. लक्षद्वीप करायचंच असेल तर त्यांना जबरदस्तीने बोटीत बसवू नका, त्या दिवशी घरातल्या कुणीतरी त्यांच्यासोबत जहाजावर थांबा. जहाज रिकामं असतं, लगूनच्या बाजूची खुर्ची मिळते, आणि चहासुद्धा रांग न लावता मिळतो.