बस उपक्रमांची तुलना करताय? आधी भारमान कसं काढलंय ते विचारा

प्रबंधासाठी बस उपक्रमांच्या कामगिरीचा विषय घेतलेल्यांना ईपीकेएम (किलोमीटरमागे उत्पन्न), सीपीकेएम (किलोमीटरमागे खर्च), ताफ्याचा वापर हे सगळं तोंडपाठ असतं. ते इथे उगाळत नाही. मला सर्वात जास्त छळलं ते भारमानाने, म्हणजे बस क्षमतेच्या किती टक्के भरली या आकड्याने, म्हणून त्याबद्दलच सविस्तर.

समजा, बसमध्ये ४० आसनं आहेत आणि २० जणांना उभं राहायची परवानगी आहे. आत सरासरी ३६ प्रवासी. नुसती आसनं धरली तर भारमान ९० टक्के, उभ्यांची जागा धरली तर ६०. बस तीच, गर्दीही तीच! काही ठिकाणी तर माणसं मोजतच नाहीत. गाडी पूर्ण भरली असती तर किती उत्पन्न आलं असतं, त्याच्याशी प्रत्यक्ष उत्पन्न ताडून पाहतात. मग सवलतींचा प्रश्न येतो. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना त्याआधीपासून मोफत प्रवास. शासनाकडून येणारी प्रतिपूर्ती उत्पन्नात धरलीय का, यावर आकडा वरखाली होतो. पासाचं आणखी निराळं. एका पासामागे रोजच्या ठरावीक फेऱ्या गृहीत धरून गुणाकार केलेला असतो. तो गुणक विचारा आणि लेखी घ्या.

भारमान जास्त म्हणजे सेवा चांगली, हे तर डोक्यातून काढूनच टाका. गाड्या कमी केल्या की उरलेल्या खच्चून भरतात आणि टक्केवारी चढते. थांब्यावर ज्याला चढताच आलं नाही, त्याची नोंद कुठल्याही वेबिलात (वाहकाच्या तिकीटविक्रीच्या नोंदपत्रात) सापडत नाही.

पण म्हणून विषय सोडू नका. एकाच उपक्रमाची वर्षागणिक तुलना केलीत तरी चांगलं काम उभं राहतं, फक्त मधले बदल लक्षात ठेवा. पीएमपी २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून झाली; त्याआधीच्या वर्षांसाठी दोघांची बेरीज लागते. बेस्टने जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ८ रुपयांवरून ५ वर आणलं. प्रवासी वाढले, पण त्या काळाचा निवाडा नुसत्या तिकीट उत्पन्नावर केलात तर हे दिसणारच नाही. गाड्या भाडेतत्त्वावर आल्या का, तेही पाहा: अशा गाडीचा चालक कंत्राटदाराच्या पगारावर असतो, त्यामुळे बसमागे कर्मचारी कमी दिसतात.

हे न तपासता सॉफ्टवेअरमध्ये डीईए (उपक्रमांची सापेक्ष कार्यक्षमता मोजणारी गणिती पद्धत) चालवून एका दुपारीत क्रमवारी काढणाऱ्यांवर माझा अजिबात विश्वास नाही. घाटात धावणारी एसटी आणि मुंबईच्या सिग्नलला थांबणारी बेस्ट एका रांगेत उभी करून काय कळणार? मार्गदर्शक कितीही मोठा असो, त्याने डेपो पाहिलेला नसेल तर हे प्रश्न तो विचारणार नाही. डेपोतला वाहतूक नियंत्रक विचारेल. पाळी बदलायच्या वेळी त्याला गाठू नका, तेव्हा त्याला मान वर करायला फुरसत नसते. दुपारी जा, एकाच मार्गाची आठवड्याभराची वेबिलं मागा आणि रद्द फेऱ्यांच्या कारणांपासून वाचायला लागा.