परदेशी स्थळ, पार्सल आणि 'कस्टम'चा फोन

'पैसे मागितले की बोलणं बंद' असं ठरवून अनेक जण वधूवर संकेतस्थळावर बोलायला लागतात आणि तरीही फसतात. कारण तिथं भेटलेला, 'मी लंडनचा डॉक्टर' म्हणणारा माणूस स्वतः पैसे मागतच नाही. तो भेट पाठवतो. पैसे मागते दुसरीच बाई, 'दिल्ली विमानतळ, कस्टम' असं सांगून. तिला ना म्हणताना त्याचं मन दुखावल्यासारखं वाटतं, आणि सगळा डाव याच संकोचावर उभा असतो.

म्हणून शोध पार्सलच्या बऱ्याच आधी सुरू करा. ओळख झाल्यावर दोन-तीन दिवसांत 'इथं नको, व्हॉट्सॲपवर बोलू' हा आग्रह झाला, तर ती पहिली खूण. संकेतस्थळावर तक्रार झाली तर प्रोफाइल बंद होतं, व्हॉट्सॲपवर ती भीती कमी. व्हॉट्सॲपवर जाण्याआधी प्रोफाइलचे फोटो गूगल लेन्समध्ये टाकून, ते इंटरनेटवर दुसऱ्या कुणाच्या नावावर आहेत का ते पाहा. एकाच ठिकाणी भागवू नका, टिनआय या फोटो शोधणाऱ्या संकेतस्थळावरही पाहा. फोटो सापडला नाही म्हणजे माणूस खरा असं मात्र नाही.

मग घड्याळ. लंडन आपल्यामागे हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार तास असतं. आपल्या सकाळी आठ वाजता तिथं पहाटेचे अडीच किंवा साडेतीन वाजलेले असतात. रोज त्याच वेळी ताजातवाना 'गुड मॉर्निंग' येत असेल, तर रात्रपाळीची सबब किती दिवस चालते ते पाहा.

ब्रिटनमध्ये डॉक्टर असल्याचं सांगत असेल, तर जनरल मेडिकल कौन्सिलची नोंदवही ऑनलाइन फुकट पाहता येते. त्याच्याकडे या नोंदवहीतला सात आकडी नोंदणी क्रमांक मागा. क्रमांक खरा निघाला तरी थांबा, खऱ्या डॉक्टरचं नाव चोरलेलं असू शकतं. रुग्णालयाचा नंबर त्याच्याकडून न घेता रुग्णालयाच्या संकेतस्थळावरून घ्या आणि तिथं विचारा. गावातल्या स्थळाची चौकशी आपण करतोच की!

व्हिडिओ कॉलवर चेहरा पूर्ण बाजूला वळवायला, चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांगा. संगणकाने चढवलेला बनावट चेहरा अशा वेळी अनेकदा फाटतो किंवा थरथरतो. पण ही चाचणी पार पडली म्हणून निर्धास्त होऊ नका, तंत्र सुधारत चाललंय.

आता पार्सल. परदेशातून आलेल्या भेटीवर शुल्क लागू शकतं, हे खरं. पण ते पोस्टात किंवा कुरिअर कंपनीकडे पावती घेऊन भरायचं असतं, कुणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा यूपीआयवर नाही. कस्टमची नोटीस आली, तर तिच्यावरचा डीआयएन (प्रत्येक सरकारी पत्राला दिलेला वेगळा ओळख क्रमांक) सीबीआयसी या केंद्राच्या अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर तपासा; ही पद्धत नोव्हेंबर २०१९ पासून आहे. कुरिअरचा क्रमांकही कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरच टाका, आलेल्या लिंकवर नाही.

पहिली रक्कम पेलवेल अशी असते. ती गेली की 'स्कॅनमध्ये पौंडांच्या नोटा दिसल्या' म्हणून दंड, मग हा पैसा काळा नाही असं मनी लाँडरिंगचं प्रमाणपत्र, मग अटकेची धमकी. आधीचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. पौंड कधी नव्हतेच. काही टोळ्या पार्सलऐवजी क्रिप्टोमधल्या गुंतवणुकीकडे वळवतात. तिथं ॲपवर नफा दिसतो आणि काढायला गेलं की 'आधी कर भरा'.

पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा. हाताशी यूटीआर (बँकेनं त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक), समोरचं खातं आणि रक्कम ठेवा. बँकेलाही कळवा, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार नोंदवा. रागाच्या भरात चॅट पुसू नका. ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट आणि प्रोफाइलची लिंक जपून ठेवा.

काही दिवसांनी 'तुमचे पैसे परत मिळवून देतो, फी फक्त इतकी' असा फोन आला, तर तो बहुधा आधी फसलेल्यांच्या यादीवरूनच आलेला असतो.