कूलर, कंटाळा अन परफेक्ट करायची हौस
मार्चमध्ये ठरवतो का यंदा कूलर एकदम टकाटक करू, गंज घासू, पेंट मारू, ताट्या (बाजूचे गवताचे पॅड) बदलू, अन एवढं सगळं एका रविवारी होत नाही म्हणून काहीच होत नाही, मग मे येते, नागपुरात पारा 45 च्या वर, अन आपण घामाघूम ताट्या शोधत फिरून राहिलो.

तर आधी ठरवा, निदान काय झालं पाहिजे. पंप पाणी चढवते, पंखा फिरते, ताटी सगळीकडून भिजते, बस. पेंट दिवाळीत पाहू (पाहत नाही कोणी, जाऊ द्या).

मग मोबाइलवर 25 मिनिटांचा टायमर लावून कामाला लागा, नंतर 5 मिनिटं आराम. ही पोमोडोरो पद्धत, 1980 च्या दशकात इटलीच्या फ्रान्सेस्को सिरिलोनं टमाट्यासारख्या टायमरवरून काढली. आरामात चहा घ्या पण गादीवर पडू नका, पडलं का गेला दिवस.

एका ठिकाणी मात्र आळस अजिबात नाही चालत बरं का. प्लग काढल्याशिवाय कूलरमध्ये हात घालायचा नाही, पाणी भरतानाही नाही, अर्थिंग नसेल तर आधी इलेक्ट्रिशियनला फोन लावा, ताट्या मागून.