एरोबारचे आर्मरेस्ट स्वतःच्या हाताच्या साच्यातून कसे बनवावेत

रविवारी पहाटे नवी मुंबईत पाम बीच रोडला वाशीच्या टोकाला थांबून बघा. बेलापूरकडे जाणारे सायकलस्वार एरोबारवर, म्हणजे हँडलवर बसवलेल्या दोन पुढे निघालेल्या नळ्या आणि त्यांच्यामागचे हात टेकायचे कप यांवर, कोपरं टेकवून, पाठ आडवी करून सुसाट निघालेले दिसतात. त्यातले बरेचजण थोड्या थोड्या वेळाने एक हात सोडून झटकतात, कारण करंगळीला मुंग्या आलेल्या असतात. यावर ठरलेला सल्ला मिळतो, "जाड पॅड टाका." हा सल्ला चुकीचा आहे. तो ऐकून दोन-दोन, तीन-तीन जोड पॅड बदललेली माणसं माझ्याकडे येतात आणि त्यांची बोटं तरीही बधिरच असतात.

१९८९ च्या टूर द फ्रान्सच्या शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस अशी २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायची शर्यत, होती. ग्रेग लेमाँड एरोबार लावून ती धावला आणि लॉराँ फिन्योंला मागे टाकून एकूण ८ सेकंदांच्या फरकाने टूर जिंकला. तेव्हापासून लोकांची चर्चा फिरते ती पुढच्या नळ्यांभोवती: सरळ घ्याव्यात, वाकड्या घ्याव्यात, की कार्बनच्या घ्याव्यात. पण नळी नुसती धरायची असते. छातीचं आणि डोक्याचं वजन पेलतो तो कोपराखालचा कप. म्हणून मेहनत तिथे घ्यायची.

आधी सीटची उंची आणि पुढे-मागे पक्की करून घ्या, सायकल ट्रेनरवर, म्हणजे घरात जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, चढवा. सीट हलणार असेल तर यापुढचं सगळं वाया जाईल.

हात नेमका कुठे टेकायचा

कोपर आतल्या बाजूने टेबलाला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. तिथे हाडाच्या खोबणीतून अल्नर नर्व्ह जाते आणि तिच्यावर मांसाचं आवरण जवळपास नसतंच. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं ते ही नस दाबली गेल्यामुळे. त्यामुळे कपची मागची कड कोपराच्या टोकापासून निदान दोन बोटं पुढे हवी आणि वजन हाताच्या पुढच्या मांसल भागावर पडायला हवं. कोपर कपाच्या मागे मोकळं राहिलं पाहिजे. फोटोत कोपर कपात छान बसलेलं दिसतं, म्हणून लोक कप मागे सरकवतात आणि तिथेच फसतात.

दोन कपांमधलं अंतर खांद्याला सोपं वाटेल तिथून सुरू करा आणि एकेक सेंटिमीटरने कमी करत जा. श्वास अडखळला की एक पाऊल मागे. पंजे कोपरापेक्षा थोडे वर, साधारण १० ते १५ अंश. हात अगदी आडवे ठेवले तर शरीर पुढे घसरत राहतं आणि ते रोखण्यात खांदे भरून येतात. रेसमध्ये उतरणार असाल तर आर्मरेस्टच्या मापांचे नियम आधी वाचा, मगच पुढे जा.

साचा

खरी कसोटी इथे लागते. माझे पहिले दोन जोड फुकट गेले ते याच पायरीवर, म्हणून सावकाश सांगते.

पहिला साचा मी जेवणाच्या टेबलावर घेतला. हात आरामात पसरलेला, तळवा खाली. साचा सुंदर आला, कपही सुंदर झाला, आणि सायकलवर वीस मिनिटांत आतल्या कडेने हात कापायला लागला. चूक लक्षात यायला मला महिना लागला. तळवा खाली असताना हाताची दोन हाडं एकमेकांवर तिरकी येतात आणि वरचं मांस आत वळतं. एरोबार धरल्यावर तळवे समोरासमोर असतात, अंगठे वर. तेव्हा हाडं जवळजवळ समांतर असतात आणि मांस दुसऱ्याच जागी असतं. म्हणजे मी जो साचा घेतला होता तो सायकल चालवणारा हात नव्हताच. शिवाय टेबलावर हाताला वजन नव्हतं, आणि वजन पडलं की मांस पसरतं.

दुसऱ्या खेपेला मी सायकलवर बसून साचा घेतला, पण राइड न करता. तोही चुकला. पहिल्या पाच मिनिटांत आपण खांदे आवळून बसतो. खरी ठेवण थकल्यावर येते. त्यामुळे आधी ट्रेनरवर वीस मिनिटं, घाम येईपर्यंत चालवा. पंखा लावा, मुंबईत घाम यायला तेवढा वेळही लागत नाही.

आता कृती. केमिस्टकडे प्लास्टर ऑफ पॅरिसचं १५ सेंटिमीटर रुंदीचं बँडेज मिळतं, एका हाताला एक रोल पुरतो. जुने पॅड काढा, ते ज्यावर बसतात ती खालची पट्टी तशीच ठेवा. प्लास्टरची जाडी साधारण एक सेंटिमीटर होते, तेवढे स्पेसर (पट्टीखालच्या उंची वाढवणाऱ्या चकत्या) काढून पट्टी खाली घ्या, नाहीतर साचा उंच ठेवणीत घेतला जाईल. दोन्ही बाजूंना हे करा. हात पुसून कोरडा करा, त्याला व्हॅसलिन लावा आणि वर स्वयंपाकघरातलं क्लिंग रॅप गुंडाळा.

क्लिंग रॅपवर घरातल्या जुन्या लिपस्टिकने तीन खुणा करा: कोपराचं टोक, आतल्या बाजूची हाडाची गाठ, आणि कोपरापासून मनगटाकडे करंगळीच्या बाजूने जाणारी हाडाची धार. ही धार बोटाने चाचपली की स्पष्ट लागते. लिपस्टिक ओल्या प्लास्टरवर उतरते आणि साच्यात नकाशा मिळतो. त्याच्याशिवाय नुसत्या पांढऱ्या खळग्याकडे बघून हाड कुठे होतं ते सांगता येत नाही.

बँडेजच्या बारा घड्या करून साध्या पाण्यात भिजवा, हलकेच निथळा, पट्टीवर ठेवा. हात त्यावर सोडा. पुढची नळी रोज जशी धरता तशी धरा, नजर रस्त्यावर असते तशी समोर ठेवा. मान खाली घालून साचा बघत बसलात तर खांदे पुढे येतात आणि कोपर फिरतं. बाजूची कड दुसऱ्या कुणीतरी तळहाताने वर घ्यायची. आमच्या ग्रुपमधल्या एका ताईंचा साचा घेताना त्यांचे यजमान मदतीला होते. कड नीट बसावी म्हणून त्यांनी ती बोटांनी दाबली.

"अहो, दाबू नका, नुसता हात लावा," मी म्हटलं.

"सैल नाही राहणार?" त्यांनी विचारलं.

सैल राहत नाही. बोटांचे चार खड्डे मात्र साच्यात राहिले आणि तेच कपात चार टेकाडं होऊन उतरले. तो साचा आम्हाला पुन्हा घ्यावा लागला.

दहा मिनिटं हलू नका. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, ते अपेक्षित आहे. चटका बसतोय असं वाटलं तर मात्र लगेच हात काढा. घड्या जास्त झाल्या आहेत किंवा पाणी गरम होतं. आणि दोन्ही हातांचे वेगवेगळे साचे घ्या. एकाचा आरसा करून दुसरा बनवला तर एका बाजूला तरी टोचतोच.

साच्यातून कप

साचा दोन दिवस पंख्याखाली वाळवा, आतून व्हॅसलिन लावा, कडेने पुठ्ठ्याची भिंत उभी करून त्यात पीओपी ओता. तुमच्या हाताची प्रतिकृती हातात येईल, तिच्यावर लिपस्टिकच्या खुणाही. हाडाच्या धारेवर ३ मिलिमीटर जाडीची, बोटभर रुंद पट्टी चिकटवा. कपात तिथे नाली तयार होते आणि हाड अधांतरी राहतं.

यानंतर संपूर्ण प्रतिकृतीवर ६ मिलिमीटरचा ईव्हीए फोम (चपलांच्या तळव्यात असतो तसला) चिकटवा. हे विसरू नका. कप थेट हाताच्या मापाचा केला तर आत पॅड लावल्यावर तो अरुंद होतो आणि दोन्ही कडा हातात रुततात. आधी फोमची जागा सोडायची, मग कपचं कडक कवच चढवायचं.

फोमवर पॅकिंगची चिकटपट्टी, तिच्यावर वॅक्स, आणि मग इपॉक्सी रेझिनमध्ये (दोन भाग मिसळले की कडक होणारा चिकट द्रव) ग्लास कापडाचे, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम भरणाऱ्या काचेच्या धाग्यांच्या कापडाचे, दहा थर. बोल्ट येतो तिथे चार थर जास्त. हातमोजे घाला, खिडक्या उघडा, घासताना मास्क लावा. काचेची धूळ फुप्फुसात जाऊ द्यायची नाही. पावसाळ्यात हे काम काढू नका. जुलैच्या दमट हवेत इपॉक्सीवर चिकट थर धरतो. थांबवत नसेल तर एसीच्या खोलीत करा. थ्रीडी प्रिंट करून घेणार असाल तर पीएलए हे प्लास्टिक नको, उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ते मऊ पडून वाकतं, जास्त उष्णता सोसणारं पीईटीजी घ्या.

कडा बाहेरच्या बाजूला गोल घासा. बाजूची भिंत बोटभर उंच पुरे. कप जितका खोल, तितका हात पटकन बाहेर काढणं अवघड, आणि आपल्या रस्त्यांवर ब्रेककडे हात कधी न्यावा लागेल सांगता येत नाही.

पॅड आणि बोल्ट

पॅड तोच, ६ मिलिमीटरचा, आणि अंगठ्याने दाबल्यावर तळाला टेकणार नाही इतका कडक. जाड मऊ फोममध्ये हात बुडतो, कपची कड वर येते आणि नस पुन्हा दाबली जाते. वेल्क्रोने लावा म्हणजे घामाने भिजलेला पॅड काढून धुता येतो.

बोल्ट मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर एकेक नग मोजून मिळतात. एम५ (५ मिलिमीटर जाडीचे), चपट्या डोक्याचे, एस.एस. ३१६ (स्टेनलेस स्टीलची एक जात) मागा. समुद्राची हवा आणि घामाचं मीठ यांत साधा बोल्ट गंजतो आणि मग डोकं घासून निघतं. खाली रुंद वॉशर घाला, डोकं कवचाच्या पातळीत बुडलं पाहिजे. क्लॅम्पवर न्यूटन-मीटरचा, म्हणजे बोल्ट किती घट्ट आवळायचा त्याचा, आकडा छापलेला असतो, टॉर्क रेंच (तो आकडा दाखवणारा पाना) तेवढाच लावा. कार्बन हँडल असेल तर पकड घसरू नये म्हणून कार्बन पेस्टसुद्धा.

पहिली राइड पेव्हर ब्लॉक असलेल्या रस्त्याने करा. ५० किलोमीटर झाले की सगळे बोल्ट पुन्हा तपासा. घरी आल्यावर दोन्ही हात उजेडात धरून बघा: लाली मांसल भागावर एकसारखी पसरलेली असेल तर कप बसला. हाडाच्या धारेवर लाल रेघ असेल तर तेवढ्या जागी पॅड कापून नाली खोल करा, कवचाला हात लावू नका.

पीओपीच्या प्रतिकृती टाकू नका. त्यांच्यावर डावा-उजवा आणि तारीख लिहा, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवा. पुढच्या वेळी कवचाला तडा गेला की थेट फोम चिकटवण्यापासून काम सुरू करता येतं.