रग्बी खेळायला परदेशी जाताना: बडोद्याच्या एका मामाची यादी

गेल्या दोन-तीन वर्षांत दांडिया बाजारातल्या आमच्या घरी चार मुलं आणि एक मुलगी येऊन गेली. प्रश्न सगळ्यांचा एकच, "काका, रग्बी खेळायला बाहेर जायचंय, काय काय लागेल?" मी स्वतः रग्बीचा चेंडू फक्त कपाटावरून खाली काढून दिलाय. बँकेत नोकरी केली. पण भाचा फ्रान्समधल्या खालच्या डिव्हिजनच्या एका क्लबकडून तीन सीझन खेळून आला, तेव्हाचे सगळे कागद माझ्या हातून गेले. दर वेळी तेच सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

आधी खेळाचं. भाचा सेव्हन्सवर वाढलेला. सात जण, सात-सात मिनिटांचे दोन डाव, 2016 च्या रिओपासून ऑलिम्पिकमध्ये असलेला तो प्रकार. बाहेरचे क्लब मात्र बहुतेक पंधरा जणांच्या रग्बीसाठी माणसं घेतात, आणि तिथे चाळीस-चाळीस मिनिटं, स्क्रम (दोन्हीकडचे आठ-आठ जण एकमेकांत अडकून रेटतात ते), लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये फेकून आत घेतात तो) असं सगळं येतं. म्हणून गाणं लावलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवू नका. दोन-तीन सामन्यांचं अख्खं, न कापलेलं चित्रण ठेवा, आणि सोबत जर्सीचा नंबर, रंग व कोणत्या जागी खेळता ते लिहा. चेंडू हातात नसताना पोरगा काय करतो, हे बघायचं असतं त्यांना. कबड्डीतून आलेल्यांनी एक सवय इथेच मोडावी. कबड्डीत नुसत्या खांद्याने डॅश मारला तर टाळ्या पडतात. रग्बीत हात न वेढता खांदा मारला की पेनल्टी, आणि तो डोक्याला लागला तर लाल कार्डसुद्धा.

देश निवडताना नकाशा नव्हे, नियम बघा. फ्रान्सच्या टॉप 14 या सर्वात वरच्या लीगमध्ये तिथेच घडलेल्या खेळाडूंना संघात ठरावीक जागा द्याव्या लागतात, त्यामुळे परक्यांसाठी दार तेवढं अरुंद होतं. इंग्लंडमध्ये क्रीडा व्हिसासाठी तिथल्या रग्बी संघटनेचं शिफारसपत्र लागतं. जपानची लीग वन डिसेंबरात सुरू होते, न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाची सुपर रग्बी फेब्रुवारीत आणि युरोपचा हंगाम उन्हाळा सरता सरता, म्हणून अर्ज कुठे कधी करायचा तेही वेगवेगळं. आणि कुठेही जा, इथल्या संघटनेने म्हणजे रग्बी इंडियाने सही केलेला क्लिअरन्स, म्हणजे बाहेर खेळायची परवानगी, लागतोच. तो शेवटच्या आठवड्यात मागायचा नसतो. "टुरिस्ट व्हिसावर ये, खेळून दाखव, मग बघू" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. भाच्याला अशाच एका एजंटाने ट्रायलच्या नावाखाली ऐंशी हजार मागितले होते. ताई गळ्यातली साखळी मोडायला निघाली होती. करार होण्याआधी पैसे मागणारा माणूस, तो कितीही गोड बोलो, आपला नव्हे.

आता करार. इथे मी जरा रेंगाळणार. भाच्याचा करार आला तेव्हा मी, तो आणि ताई पाटावर कागद पसरून तीन संध्याकाळी बसलो होतो. पहिला घोळ म्हणजे करार दोन भाषांत होता आणि इंग्रजी प्रतीच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, की वाद झाला तर फ्रेंच प्रतच ग्राह्य. म्हणजे आम्ही वाचत होतो ती नुसती सोय. मग अलकापुरीत फ्रेंच शिकवणाऱ्या एका बाईंना मूळ प्रत वाचायला दिली, तेव्हा कळलं की घर 30 जूनपर्यंतच होतं. परतीचं तिकीट 3 जुलैचं! पहिल्या सीझनच्या शेवटी पठ्ठ्या तीन रात्री सोबत्याच्या सोफ्यावर झोपला.

ते हसण्यावारी गेलं. दुसऱ्या सीझनला सरावात खांदा निखळला, तेव्हा हसू आलं नाही. म्हणून कराराला एवढे प्रश्न विचाराच. सराव करताना लागलं तर पगार किती महिने चालू राहील? शस्त्रक्रिया कुठे, कोणाच्या खर्चाने, आणि पुढचे व्यायाम कोण करून घेणार? हंगाम संपताना मी जखमी असलो तर काय? लिहिलेला आकडा कर कापण्याआधीचा की नंतरचा? सामना जिंकल्यावरचा बोनस पगारात धरलाय का? उत्तर "काळजी करू नका" असं आलं, तर ते लेखी द्या म्हणावं. खेळाडूंच्या संघटना असतात, फ्रान्समध्ये प्रोव्हाल, इंग्लंडमध्ये रग्बी प्लेअर्स असोसिएशन. सही करण्याआधी त्यांना विचारायला लाज कसली?

क्लबचं नाव मोठं म्हणून निर्धास्त राहू नका. 2022 च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या वूस्टर वॉरियर्स क्लबच्या खेळाडूंचे करार न्यायालयाच्या एका आदेशासरशी संपले. त्याच महिन्यात तिथलाच वॉस्प्स क्लब बुडाला, पुढच्या वर्षी लंडन आयरिश. कोलकात्याचा रग्बी क्लब एकोणिसाव्या शतकात बंद पडला तेव्हा त्यांनी बँकेतले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि त्याचा चषक केला. नागांच्या मुठी, झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड 1879 पासून आजही त्या कलकत्ता कपसाठी भिडतात. बंद पडणाऱ्या क्लबाने इतकं नीट खातं मिटवल्याचं दुसरं उदाहरण या बँकवाल्याला तरी ठाऊक नाही. तेव्हा सहा महिन्यांचा खर्च आणि परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात.

डोक्याचं कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. डोक्याला मार लागल्याची शंका आली की वरच्या पातळीवर खेळाडूला 12 मिनिटं बाहेर नेऊन तपासतात. खालच्या डिव्हिजनला शंका आली तर सरळ बाहेर, त्या दिवशी परत मैदान नाही. मुलं मात्र "काही नाही झालं" म्हणून उठतात, पुढच्या रविवारी आपली जागा जाईल या भीतीने. इंग्लंडच्या 2003 च्या विश्वविजेत्या संघातला स्टीव्ह थॉम्पसन. त्याला चाळिशीतच स्मृतिभ्रंशाचं निदान झालं, आणि तो विश्वचषक जिंकल्याचं आठवत नाही असं त्यानेच सांगितलं. जाण्याआधी मानेची ताकद वाढवा. जुम्मादादा व्यायाम मंदिरासारखी तालीम घराजवळ असताना जिमला वर्षाचे पैसे कशाला भरायचे, कुस्तीवाल्याकडून मानेचा व्यायाम शिकून घ्या. रावपुऱ्यात दातांच्या डॉक्टरांकडून दातांचा साचा देऊन माउथगार्ड बनवून घ्या, दोन. अक्कलदाढ त्रास देत असेल तर तीही इथेच काढा, तिकडे दातांचा खर्च डोळे पांढरे करतो.

औषधांची पिशवी आजीने भरू नये. दुखण्यावर आपल्याकडे सर्रास लिहून देतात ते ट्रॅमाडॉल 1 जानेवारी 2024 पासून सामन्याच्या वेळी बंदी असलेल्या औषधांच्या (डोपिंगच्या) यादीत आहे. प्रेडनिसोलोनची गोळीही तशीच. शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची, "आजीने दिलं" हे उत्तर चालत नाही. घटक न लिहिलेलं चूर्ण, भस्म, तालमीतल्या मित्राने दिलेली पावडर, सगळं घरी ठेवा. खरंच गरजेचं औषध असेल तर आधी रीतसर परवानगी. आणि वरच्या पातळीवर तुमचं नाव डोपिंग तपासणीच्या यादीत गेलं, तर रोज कुठल्या तासाला कुठे असाल ते कळवावं लागतं. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या की बंदी.

कागद पटकन. महापालिकेचा जन्मदाखला गुजरातीत असेल तर इंग्रजी प्रत काढा, आडनावाचं आणि गावाचं स्पेलिंग पासपोर्टाशी जुळवा (आमच्याकडे वडिलांच्या कागदांवर अजून बरोडा आहे), मग अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकारचा शिक्का. नोकरीसाठी जाताय, तर त्या आर्थिक वर्षात भारतात 182 दिवसांहून कमी राहिलात की करासाठी अनिवासी ठरता, तिकिटाची तारीख त्यावरून ठरवा. बचत खातं एनआरओ (अनिवासींचं, इथल्या पैशांसाठीचं) करून घ्या, तिकडचे पैसे एनआरई (अनिवासींचं, बाहेरच्या कमाईसाठीचं) खात्यात.

बूट तिकडेच घ्या, ओल्या मैदानाचे स्टड (तळाचे खुंट) इथे सहज मिळत नाहीत. शाकाहारी असाल तर क्लबच्या जेवणात काय मिळतं ते आधीच विचारा. गोडा मसाला, डाळी, छोटा कुकर खुशाल न्या. दुधाचे पदार्थ मात्र युरोपात सामानातून नेता येत नाहीत. ताईने दोन किलो साजूक तूप आणि पेढ्यांचा डबा भरला होता, तो निघायच्या रात्री अकरा वाजता मी बॅगेतून काढला. ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. तूप आम्ही दिवाळीपर्यंत पुरवलं.