कृषी सल्ला, ऑक्टोबर-नोव्हेंबर: सापळ्याबरोबर माणसाकडेही बघा

सोयाबीनची मळणी आटोपत आली आहे. दाण्यातला ओलावा १२ टक्क्यांपर्यंत उतरल्याशिवाय पोती शिवू नका, ओल्या मालाला काट्यावरच भाव पडतो. कोरडवाहू हरभरा राहिला असेल तर जमिनीतली ओल उडण्याआधी पेरा, तेही बियाण्याला ट्रायकोडर्मा आणि रायझोबियम चोळून. कपाशीत कामगंध सापळ्यांमध्ये (मादीच्या वासाने नर पतंग ओढून पकडणारे) सलग ३ रात्री प्रत्येकी ८ पतंग आले, की गुलाबी बोंडअळीचा बंदोबस्त करायचा. हे सगळं तुम्हाला पाठ आहे. बाकीचा सल्ला माणसांबद्दल आहे.

मागच्या हंगामात सापळे मोजायला एका शेतावर गेलो. सापळ्याची पिशवी मेलेल्या पतंगांनी गच्च भरून लोंबत होती. आदल्या वर्षी याच शेताच्या काकाजींनी वहीत रोजचे आकडे लिहून मला दाखवले होते. घरी गेलो तर दाढी वाढलेली, वही खुंटीला. पिकाचं काही विचारलंच नाही. म्हटलं, "झोप लागते का काकाजी?"

"कायची झोप भाऊ. तीन वाजले की डोया उघडते."

घरच्यांना वाटत होतं पित्त झालंय. हे नेहमीचंच. आपल्याकडे 'मला उदास वाटतं' असं कोणी म्हणत नाही. छातीत धडधडतं, डोकं जड आहे, जेवण जात नाही, जीव घाबरा होतो, असंच सांगतात. दोन आठवडे जवळजवळ रोज असं चाललं, कामातलं मन उडालं, तर सापळ्यातल्या ८ पतंगांसारखी धोक्याची पातळी ओलांडली समजा आणि डॉक्टर गाठा. दारू अचानक वाढणं, पारावर येणं बंद होणं, फोन न उचलणं, हीही लक्षणंच. बाईमाणसाचं तर लवकर लक्षातही येत नाही, कारण वेचणी आणि चूल दोन्ही चालूच असतात. अंगारा लावायचा तर लावा, पण दवाखाना चुकवू नका.

'माझ्यामागं पोरांकडं बघा' असं कोणी बोलू लागलं, आवडती बैलजोडी किंवा वस्तू विनाकारण देऊन टाकू लागलं, तर दोन आठवडे मोजत बसू नका. जवळ बसून सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने डोक्यात नसलेलं भरतं, हा गैरसमज आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका.

आणि फवारणीची औषधं घरातून हलवा. कुलूपबंद पेटीत ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे. उरलेली बाटली पुढच्या वर्षी लागेल म्हणून आढ्याला ठेवायची सवय मला कधीच पटली नाही. मरणाचा विचार बऱ्याचदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि पुढच्या २० वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून अधिक घटलं. तरीही कोणी काही घेतलंच तर लगेच १०८ ला फोन करा. मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका, औषधाचा डबा दवाखान्यात सोबत न्या. पोलीस केसच्या धाकाने कोणी थांबू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला तीव्र ताणाखाली असलेला मानलं आहे आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

मदतीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. शेतकऱ्यानेच फोन केला पाहिजे असं नाही, घरच्यांनी केला तरी चालतो. गावात आशाताईंना सांगा. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत आरोग्य विभागाने शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी 'प्रेरणा' प्रकल्प काढला, त्यात घरोघरी जायचं काम त्यांच्याचकडे आलं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते.

समुपदेशनाने सोयाबीनचा भाव वाढत नाही, कबूल. पण दिवाळीच्या तोंडावर कृषी केंद्राची उधारी, मजुरी आणि बँक एकदमच दारात येतात. रात्री तीनला उठून बसणाऱ्या माणसाला यातलं आधी काय फेडायचं आणि कशाला मुदत मागायची, हे सुचत नाही. त्याला झोप येऊ द्या, मग हिशेबाला बसा. बँकेत जाताना घरचं कोणीतरी सोबत असू द्या.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात. फवारणीसारखा दुसऱ्या दिवशी फरक दिसत नाही, आणि मनाने बंदही करायच्या नसतात. काकाजींच्या मुलाने आठव्या दिवशीच मला फोन केला होता, "काहीच फरक नाही." महिनाभराने काकाजींचा स्वतःचा आला. सापळ्याची ल्यूर, म्हणजे पतंगाला ओढणारी वासाची गोळी, बदलायची होती, कुठे मिळेल विचारत होते.